नसलेल्या हाताची मूठ

आण्णा,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बाईंना उजव्या हाताची मूठ आवळायला सांगत होतो. रिसीव्हर कानाला लावून ऐकत राहिलो, तुमच्या धाकट्या भावाला पुन्हा पुन्हा "कधी? कधी?" एवढंच विचारत राहिलो, आणि फोन ठेवून खुर्चीत बसलो. बऱ्याच वेळानं त्या बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, सोडू का आता?" बिचाऱ्या मूठ आवळूनच बसल्या होत्या. "सोडा" म्हणायचं मी विसरून गेलो होतो.

अंगातला एकेक स्नायू मुद्दाम ताणायचा, थोडा वेळ तसाच धरायचा आणि मग एकदम सोडून द्यायचा. ताण कसा असतो आणि सैलपणा कसा असतो, यातला फरक अंगाला शिकवायचा. आधी हात, मग खांदे, कपाळ, जबडा, पोट, शेवटी पाय. पुस्तकात याला लांबलचक नाव आहे. तुम्ही त्याला "आवळसोड" म्हणायचात. माझ्याकडं येणारे पेशंट आता सर्रास तोच शब्द वापरतात. तो कुणी दिला हे त्यांना माहीत नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी मुंबईत शिकून कोल्हापुरातल्या एका इस्पितळात चिकटलो होतो. दारावर "व्यवसायोपचार विभाग" अशी पाटी, म्हणजे दुखावलेल्या अंगाला रोजची कामं पुन्हा शिकवण्याचा विभाग. ती वाचून लोक आत यायचे आणि कर्ज कुठलं मिळतं विचारायचे. तुम्हीही दारात उभे राहून म्हणालात, "हितं धंदा देतासा म्हणं. एका हाताला जमंल असा हाय का कुठला?"

मी हसलो नाही, कारण उजव्या बाहीची गाठ मला दिसली होती.

तुमच्या गावच्या गुऱ्हाळावर तुम्ही चरकात ऊस घालायचात. एका दुपारी उसाच्या कांड्यांबरोबर हातही ओढला गेला. कोपराखाली वीतभर राहिला, बाकीचा डॉक्टरांनी काढला. जखम भरली होती, टाके सुकले होते, खाट मात्र अजून वॉर्डातच होती. पण तुम्ही माझ्याकडं आलात ते उरलेल्या हातासाठी नव्हे, गेलेल्या हातासाठी. "त्याची मूठ मिटल्याली हाय," तुम्ही म्हणालात. "अंगठा आत हाय. वर चारी बोटं. नखं तळव्यात रुततात. दुखतंय वो, जीव जातोय. आणि सोडवायला हातच न्हाय."

पुस्तकात हे होतं. तोडलेला अवयव जागेवर असल्यासारखा वाटतो, दुखतोही. त्यावर काय करून पाहावं तेही होतं. मी तुम्हाला समोर बसवून अगदी पुस्तकी भाषेत सांगू लागलो, "आपल्या नसलेल्या हाताच्या स्नायूंना प्रथम ताण द्या आणि मग ते शिथिल करा."

"शिथिल म्हंजे?"

"म्हणजे सैल. मूठ सोडा."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मग मोठ्यानं हसलात. "साहेब, तवाच सोडली असती तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

मला कळायला वेळ लागला. ऊस हातातून सोडला असता तर हात वाचला असता, असं तुम्हाला वाटत होतं. क्षणाचा खेळ, पण मूठ सुटली नाही. आणि त्याच माणसाला मी रोज सकाळी समोर बसून "सोडा, सोडा" म्हणणार होतो. मी तेव्हा तरुण होतो. तुमचं हसणं मी चांगलं लक्षण समजलो.

सतरंजीचा दिवस आठवतो? खुर्चीत तुमचे खांदे सुटेनात, म्हणून मी तुम्हाला जमिनीवर सतरंजी टाकून उताणं झोपवलं. पाय, पोट, छाती, एकेक करत तुम्ही खरोखर सैल झालात. तोंड किंचित उघडलं. मी शेजारी गुडघ्यांवर बसून हळू आवाजात बोलत होतो. तेवढ्यात वहिनी घरून तुमचा डबा घेऊन आल्या. दारातून त्यांनी बघितलं आणि डबा तिथंच टाकून त्या ओरडल्या, "अगं आई गं! भुईवर घेतलं व्हय!"

अख्खा वॉर्ड गोळा झाला. माणूस जायला लागला की त्याला जमिनीवर घेतात, हे मलाही माहीत होतं की. पण माझ्या शिक्षणात सतरंजी म्हणजे फक्त सतरंजी होती. तुम्ही डोळे उघडून वहिनींना म्हणालात, "गप की. मरायची प्रॅक्टिस चाललीया." वहिनींनी तुम्हाला आणि मला एकाच दमात झाडलं. "ह्यास्नी अक्कल न्हाई आणि तुमालाबी न्हाई, साहेब!" त्यानंतर आपण पुन्हा खुर्चीवर आलो. सांडलेली आमटी मीच पुसली.

तुमचा डावा हात लवकर शिकला. भाकरी ताटाच्या कडेला दाबून एका हातानं मोडायची, गुंडीला अंगठ्यानं रेटायचं, दाढी करताना गाल आतून जिभेनं फुगवायचा. या गोष्टी मी तुम्हाला दिल्या असं तुम्ही सगळीकडं सांगायचात, आणि तेवढं खरं होतं. आज मी तेवढ्याचा आधार घेऊ पाहतो. तो पुरत नाही.

कारण उजवी मूठ सुटत नव्हती. तुम्ही डोळे मिटायचात, मी कोपराखाली उरलेल्या हातावर माझी बोटं ठेवायचो. "आवळा" म्हटलं की कातड्याखाली स्नायू टरारून वर यायचे. नसलेली मूठ आवळली जाताना मला बोटांखाली कळायची. "सोडा" म्हटलं की ते तसेच राहायचे. दोरखंडासारखे. मी पुन्हा म्हणायचो, तुम्ही पुन्हा करायचात. तुमच्या कपाळावर घाम यायचा. सैल होण्यासाठी एवढे कष्ट घेणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

मग एक दिवस तुम्ही विचारलंत. इस्पितळानं तुमचा हात कापडात बांधून तुमच्या भावाच्या हवाली केला होता. त्यानं तो मळ्यातल्या बांधावर पुरला होता. गाठोडं कुणी उघडून बघितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "साहेब, तिथं मूठ मिटल्यालीच पुरलीया. ती उकरून बोटं सरळ करून परत पुरली, तर? आमचं म्हातारं एक म्हणत हुतं, तसं केल्यावर कळ जाती. तुमी संगं या. तुमच्या हातानं सोडवा."

मी काय म्हणालो ते तुम्ही विसरला नसणार. मी म्हणालो, "आण्णा, तुम्ही शहाणे आहात. ही अंधश्रद्धा आहे. जमिनीतल्या हाताचा आणि तुमच्या दुखण्याचा काही संबंध नाही."

"नसंल," तुम्ही म्हणालात. "पर बघायला काय जातंय?"

"काही जात नाही, पण मी येणार नाही."

यावर आपला वाद झाला. माझा आवाज चढला, तुमचा नाही. आज सांगतो, अंधश्रद्धेचं मी पुढं केलं. खरं कारण वेगळं होतं. चरकातून जे बाहेर येतं, त्याला मूठ म्हणता येत नाही, हे मला माहीत होतं. तुमचे कागद मी वाचले होते. त्या कापडात सरळ करण्यासारखी बोटंच नव्हती. हे तुम्हाला सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. तेवढं एक वाक्य बोललो असतो तर कदाचित तुमचं दुखणं तसंच राहिलं असतं, पण तुम्ही मला ओळखलं असतं, मी तुम्हाला. त्याऐवजी मी तुम्हाला अडाणी ठरवलं. तुम्ही तो विषय मिटवलात. "बरं, ऱ्हाऊ द्या. तुमी म्हणता तसं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाहेरचे मोठे डॉक्टर विभाग बघायला आले. विभाग चालू ठेवायचा की नाही हे त्यांच्या मतावर ठरणार होतं, आणि तुम्हाला ते शिपायाकडून कळलं होतं. मी तुम्हाला पुढ्यात बसवलं. माझी बोटं तुमच्या उरलेल्या हातावर. पाहुणे गोल करून उभे.

"आवळा."

स्नायू वर आले.

"सोडा."

बोटांखाली काही बदललं नाही. उसाच्या पेरासारखं घट्ट. तुम्ही डोळे उघडलेत, सगळ्यांकडं बघितलंत, आणि चेहरा असा खुलवलात की मलाही क्षणभर खरं वाटलं. "सुटली की वो! एकदम मोकळी. बोटं पसरल्यागत वाटतंय. वारं लागतंय तळव्याला!"

मी बोटं काढून घेतली आणि पाहुण्यांना म्हणालो, "पाहिलंत?"

विभाग टिकला. मला शाबासकी मिळाली. तुम्हाला त्याच आठवड्यात घरी सोडलं. जाताना तुम्ही डाव्या हातानं माझा दंड धरलात आणि म्हणालात, "लई राबलासा माझ्यासाठी." तुम्ही खोटं का बोललात हे मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. आपल्याकडं यजमानानं चार तास खपून केलेलं जेवण बेचव लागलं तर आपण तोंड वाकडं करतो का? दुसऱ्यांदा वाढून घेतो. तुम्ही माझी मेहनत दुसऱ्यांदा वाढून घेतलीत.

मग हे चालूच राहिलं. मी इस्पितळ सोडून स्वतःचा दवाखाना काढला. तुम्ही गुऱ्हाळावर रसाच्या कढईखालच्या चुलवाणात उसाचं वाळलं चिपाड सारायच्या कामाला लागलात, डाव्या हातानं. दरवर्षी हंगामात पहिल्या आधणाचा, पहिल्या कढईचा गूळ घेऊन यायचात. बाकड्यावर बसलेल्या पेशंटांना सांगायचात, "ह्या साहेबानं माझी मूठ सोडवली. नसल्याल्या हाताची! तुमचा तर हात जागंवर हाय, मग रडतासा कशाला?" लोक हसायचे. त्यांना धीर यायचा. मी आत टेबलापाशी बसून ऐकायचो आणि बाहेर येऊन तुम्हाला थांबवायचो नाही. तुमच्या शिरोळकडची निम्मी माणसं तुमच्या त्या वाक्यावर माझ्याकडं आली.

"काय म्हणतोय हात?" मी विचारायचो.

"सुटलाय की," तुम्ही म्हणायचात. आणि बोलता बोलता डाव्या हातानं उजवा खांदा दाबत राहायचात.

दोन हजार सालानंतर माझ्या वाचनात आरशाचा उपाय आला. पेटीत मधोमध आरसा उभा करायचा. धड हात आरशासमोर, तुटलेला पाठीमागं. आरशात बघितलं की दोन्ही हात आहेत असं वाटतं. मग धड हाताची मूठ मिटायची आणि उघडायची. आरशातली, नसलेली मूठही उघडताना दिसते. काहींचं दुखणं त्यानं कमी होतं, असं लिहिलं होतं. वाचून झाल्यावर मला पहिल्यांदा तुम्हीच आठवलात. दुसरं कोण आठवणार?

मी सुताराकडून पेटी करून घेतली. आरसा बसवला. तुम्हाला निरोप धाडायचा म्हणून भावाच्या घरचा नंबर फिरवला आणि रिंग जायच्या आत फोन ठेवला. काय सांगणार होतो? "आण्णा, या, तुमची मूठ सोडवायचा नवा उपाय सापडलाय"? मग तुम्ही म्हणणार, "ती तर सुटलीया की, तुमीच सोडवली." आणि मला म्हणावं लागणार, "नाही. ती सुटली नव्हती. माझी बोटं तुमच्या हातावर होती. मला तेव्हाच कळलं होतं." एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. हंगामात तुम्ही येणारच आहात, तेव्हा बघू, असं स्वतःला सांगितलं.

हंगामात तुम्ही आलात. गुळाचा रवा, ती लहानशी ढेप, टेबलावर ठेवलात. पेटी कोपऱ्यात होती.

"ह्यो आरसा कशाला?"

"आहे एका पेशंटसाठी."

"बायामाणसांसाठी आसंल. तोंड बघायला." तुम्ही वाकून आरशात बघितलंत, मिशीवरनं हात फिरवलात. डावा हात आरशात उजवा होऊन दिसला. तुम्ही जरा थांबलात. मी बघत होतो. पुढचा पेशंट आत आला, आणि मी त्याला बसा म्हणालो.

आण्णा, त्या पेटीनं तुमची मूठ उघडली असती असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. कधीच कळणार नाही, एवढंच माहीत आहे. तुम्ही माझी लाज राखलीत आणि मी त्या राखलेल्या लाजेमागं तुमचा उपाय अडवून धरला.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी आठवडाभर शिवारात उभं राहिलं. ओसरल्यावर तुम्ही आलात. हंगाम नव्हता, हातात गूळ नव्हता.

"साहेब, बांध गेला."

"ऊस किती गेला?" मी विचारलं.

"उसाचं न्हाय वो. बांध. ज्यात हात हुता, त्यो."

इतक्या वर्षांत हात पुरल्याचा विषय पुन्हा निघाला नव्हता. तुम्ही खिडकीकडं बघत म्हणालात, "आता उकरायचं म्हटलं तरी कुठं उकरायचं? कर्नाटकात गेला आसंल वाहत." आणि हसलात. तुमच्या त्या हसण्यात मला कळलं की मूठ अजून बंद आहे, आणि मला ते कळलंय हे तुम्हालाही कळलंय. आपल्यामध्ये त्या दिवशी सगळं उघडं पडलं होतं. फक्त कुणीतरी बोलायला हवं होतं. मी चहा मागवला. तुम्ही चहा प्यालात, म्हणालात, "येतो मग." मी म्हणालो, "या."

परवा तुमच्या घरी पोचलो तेव्हा तुम्हाला खरोखरच भुईवर घेतलेलं होतं. वहिनी उशाशी बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बघा, साहेब. सगळं सैल सोडलंय. तुमी शिकवल्यागत." त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी तुमच्या उरलेल्या हाताला हात लावला नाही.

तुमच्या भावकीतली एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "आसं अर्धं कसं धाडायचं माणूस? अंग पुरं करून धाडावं. कणकंचा हात करा." घरात चूल पेटलेली नव्हती, पण परातीत पीठ आलं, पाणी आलं. वहिनींनी स्वतः कणीक मळली. तिचा लांबट गोळा केला, मनगट केलं. मग थांबल्या आणि परात माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, "साहेब, बोटं कशी ठिवू? उघडी का मिटल्याली?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मला कदी बोललं न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "इचारलं की म्हणायचं, साहेबानं सोडवलीया, जा तिकडं. पर झोपंत दातओठ खायाचं, त्या खांद्याला धरून. म्हणून इचारती. तुमालाच ठावं. सुटलीती का वो खरंच?"

आण्णा, तुम्ही समोर होतात. आता तुमच्या शब्दाला कसला धक्का लागणार होता? खरं बोलायला याहून मोकळी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. आणि मी वहिनींच्या तोंडाकडं बघितलं. इतकी वर्षं तुमच्या शेजारी झोपलेली बाई. तिला मी काय सांगू, की तुम्ही रोज तळमळत होतात आणि मला ते ठाऊक होतं?

"सुटली होती," मी म्हणालो. "उघडी ठेवा."

आणि हात मीच करायला घेतला. माझी बोटं या कामात तयार आहेत. जन्मभर लोकांच्या हातांना आधाराच्या पट्ट्या घडवत आलो. सैल सोडलेला हात सपाट कधीच नसतो, बोटं किंचित वाकलेली असतात, अंगठा जरा बाहेर, तळव्याला थोडी खोली. तसा केला. जीव ओतून केला. वहिनींनी वाकून बघितलं आणि मान हलवली. "लई नाजूक झालाय. त्यांचा हात रांगडा हुता. बोटं जाडजूड." त्यांनी थोडी कणीक घेऊन माझी बोटं जाड केली, अंगठा रुंद केला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ज्या हातावर मी इतकी वर्षं उपचार केले म्हणून मिरवलो, तो हात मी कधी पाहिलाच नव्हता.

हात तुमच्या उजव्या बाजूला ठेवला. चांगला दिसत होता. म्हातारी म्हणाली, "आता पुरा झाला गडी." वहिनी पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.

तुम्हाला तिरडीवर घेतलं. वरून कापड घातलं. तुमचा भाऊ आणि आणखी एकजण दोन्ही बाजूंनी सुतळी आवळत येत होते, घट्ट, पाय, गुडघे, कंबर. मी उजव्या बाजूला उभा होतो. कंबरेवरची फेरी ओढली तेव्हा कापड ताणलं गेलं आणि त्याखाली कणीक दबताना मला दिसली. आधी करंगळी गेली. मग बाकीची बोटं एकावर एक तळव्यात मिटली.

"सैल बांधा" एवढंच म्हणायचं होतं. दवाखान्यात रोज दिवसभर माझ्या तोंडात असणारा शब्द. मी म्हटलं असतं तर भावानं गाठ सोडली असती, मला पुन्हा बोटं उघडता आली असती, कुणी काही विचारलं नसतं. माझा जबडा घट्ट बसला होता.

त्यांनी गाठ मारली. कापडाच्या चुण्यांतून मला तुमची मूठ दिसत होती. अंगठा आत होता.